दूधधंद्याची ऐंशी वर्षे आणि आपला समाज

कोणत्याही समाजाचा इतिहास त्याच्या धंद्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सोनाराचा इतिहास काट्यात, कोष्ट्याचा मागात, तद्वतच आपला गवळ्यांचा इतिहास दुधाच्या मापात साठविलेला आहे. आपली वंशावळ गोकुळातील नंदराजापर्यंत नेऊन भिडविण्याची हौस ज्ञातीच्या स्मरणिकांतून पुष्कळ वेळा पुरविली जाते, आणि तो आनंद आम्ही कोणापासून हिरावून घेऊ इच्छीत नाही. परंतु द्वापारयुगातील गोकुळाची जेवढी माहिती आपल्या मुलांना असते, तेवढी गेल्या ऐंशी वर्षांत आपल्या धंद्याचे काय झाले याची नसते, ही गोष्ट खेदाची आहे. सांप्रत आपल्या कित्येक घरांतून दावण उठली, म्हशी विकल्या गेल्या आणि मुले नोकरीच्या शोधात निघाली. "दुधात आता राम राहिला नाही" एवढेच उद्‌गार आपण ऐकतो; पण राम कोणत्या वाटेने निघून गेला, याचा शोध कोणी घेत नाही. तो शोध यथामति घ्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आमच्या अल्प अभ्यासातून जे आढळून आले ते प्रारंभीच सांगतो. दूध वाढविण्याची विद्या या देशाला साधली. परंतु दूध देणारा आणि घेणारा या दोघांनाही पटेल असे माप कायम राखण्याची विद्या एकदा हाती येऊन पुन्हा सुटत गेली. धंद्यावर आलेल्या बहुतेक संकटांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

रतीब आणि माप

आमच्या बालपणी, म्हणजे १९७० च्या सुमारास, घरात पहाटे चारच्या आत धारा निघत. आई म्हशीपुढे आमोण ठेवी, कासंडीत धार वाजू लागे, आणि उजाडण्यापूर्वी वडील सायकलीला चरव्या अडकवून रतीब घालण्यास निघत. हिशेब गिऱ्हाइकाच्या दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघांनी राही. माप भरले की वरून थोडी धार सोडण्याची रीत होती. ती धार म्हणजे मापात काही चूक राहिली असल्यास तिची भरपाई. गिऱ्हाईक गवळ्याला ओळखी, गवळी गिऱ्हाइकाला ओळखी, आणि माप दोघांच्या डोळ्यांसमोर भरले जाई.

कोल्हापुरात हीच गोष्ट याहून उघड होती. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, मागेल त्याला धारोष्ण दूध पिळून देण्याची प्रथा सुप्रसिद्ध आहे. लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस या कामी फार उपयोगी, कारण ती दिवसातून अनेकदा थोडा थोडा पान्हा सोडते. जे दूध डोळ्यांदेखत सडातून पेल्यात पडते, त्यात पाणी घालण्यास जागाच उरत नाही.

परंतु सर्वच रतीब कट्ट्यावरचे नव्हते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वाटेतल्या आडावर थांबणारे आपल्यात होते. त्यांनी मिळविलेले चार पैसे केव्हाच संपले. अपकीर्ती मात्र अवघ्या ज्ञातीच्या वाट्यास आली. आम्ही पुढे शिक्षक झालो. अंकगणिताच्या तासाला नफातोट्याची उदाहरणे घेताना पुढील धर्तीचे उदाहरण हटकून येई : एका गवळ्याने ४ रुपये लिटर दराच्या २० लिटर दुधात ५ लिटर पाणी मिसळून ते खरेदीच्याच दराने विकले, तर त्यास शेकडा नफा किती? वर्गात आपल्या ज्ञातीचा एक हुशार मुलगा होता. एरवी त्याचा हात सर्वांआधी वर जाई; या उदाहरणाला मात्र तो पाटीवर उत्तर लिहून पाटी पालथी घालून बसे. उत्तर शेकडा २५ येते. ते त्याला येत होते, आणि म्हणूनच त्याची मान खाली गेलेली होती. पुढे आम्ही त्या उदाहरणातील 'गवळ्याने' हा शब्द गाळून 'एका इसमाने' असे सांगू लागलो. आमच्या नोकरीतील ती एक लहानशी सुधारणा होय.

मुंबईची दुधाची भूक

आता मुंबईकडे वळू. कारण आजच्या दूधधंद्याचा पाया मुंबईच्या भुकेवर घातला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराची वस्ती झपाट्याने वाढली. दूध येई ते मुख्यत्वे शहरातील तबेल्यांतून. तबेलेवाला दूरदूरच्या प्रांतांतून ताजी व्यालेली म्हैस आणी, आणि ती आटली म्हणजे शहरातील महागडी वैरण भाकड जनावराला घालणे न परवडल्यामुळे तिला खाटकाच्या हवाली करी. रेडके तर दूध वाचविण्याच्या नादात आधीच उपाशी मरत. उत्तमोत्तम म्हशींचा वंश असा शहरात येऊन खुंटे. त्यांत गलिच्छपणा आणि भेसळ यांची भर.

यावर उपाय म्हणून त्या वेळच्या मुंबई सरकारने १९४५ साली मुंबई दूध योजना सुरू केली, आणि गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून आणंद येथील दूध आगगाडीने सव्वाचारशे किलोमीटर अंतरावरील मुंबईस आणविण्यास प्रारंभ केला. पुढे १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. शहरातील म्हशी तेथे हलवावयाच्या, तबेले सरकारने बांधावयाचे, जनावरे मालकांचीच राहावयाची, आणि दूध सरकारने विकत घेऊन तापवून-निववून शहरात वाटावयाचे, अशी ती रचना होती. १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे उद्‌घाटन झाले. या सर्व कार्याचे सूत्रधार दूध आयुक्त दारा खुरोडी हे पारशी गृहस्थ होते. काचेच्या बाटल्या, त्यांवरील पातळ धातूची झाकणे, दुधाचे कार्ड आणि पहाटेची रांग ही मुंबईकरांच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत कायमची बसली आहेत.

याच योजनेत खुरोडी यांनी 'टोन्ड' दूध प्रचारात आणले. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा ६ ते ७ असतो. त्यात लोणी काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश शेकडा ३ वर आणावयाचा, म्हणजे एक लिटरचे जवळजवळ दोन लिटर दूध होते आणि गरिबासही ते परवडते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पाणी आमच्या ज्ञातीतल्या त्या आडावरच्या गवळ्यानेही घातले आणि पाणी सरकारनेही घातले. मग एकास भेसळ आणि दुसऱ्यास लोककल्याण का म्हणावे? भुकटीमुळे दुधातील इतर सत्त्व कायम राहते, हे एक कारण झाले. परंतु मुख्य कारण निराळे आहे. सरकारने काय मिसळले ते उघड सांगितले, प्रमाण ठरवून दिले आणि किंमत तदनुसार कमी ठेवली. गवळ्याने ते लपविले. मापाचा सगळा धर्म या एका भेदात आहे, असे आम्हांस वाटते.

खेडा जिल्ह्याचा धडा

मुंबईच्या गिऱ्हाइकाची सोय झाली. पण आणंदच्या उत्पादकाचे काय झाले? मुंबई योजनेला दूध पुरविण्याचे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे होते. मुंबईत मिळणारा भाव आणि खेड्यात ठेकेदाराकडून हाती पडणारा भाव यांत मोठी तफावत होती, आणि दूध नासले, कमी भरले किंवा पातळ निघाले याचा निवाडा घेणाराच करी. शेतकरी सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे गेले. आपले दूध आपणच गोळा करून आपल्या सहकारी संस्थेमार्फत विका, असा सल्ला सरदारांनी दिला. दिनांक ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली, आणि सरकार सहकारी संस्थेकडून दूध घेण्यास कबूल होईपर्यंत ठेकेदारास दूध द्यावयाचे नाही असे ठरले. पंधरा दिवस खेड्यातून दुधाचा थेंब हलला नाही. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे गांधीवादी सेवक, आणि १९४९ साली त्यांना येऊन मिळाले केरळचे तरुण इंजिनिअर डॉक्टर वर्गीस कुरियन. १९४८ साली दोन गावांच्या सुमारे २५० लिटर दुधावर सुरू झालेला हा संघ पुढे 'अमूल' या नावाने घरोघरी पोहोचला. १९६३ चे मॅगसेसे पारितोषिक खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन या तिघांना मिळून देण्यात आले, यात मोठे औचित्य होते. गिऱ्हाईक, उत्पादक आणि यंत्र या तिन्ही बाजूंचा तो एकत्र सन्मान होता.

खेडा संघाच्या यशाची कारणमीमांसा पुष्कळांनी केली आहे. आमच्या शिक्षकी बुद्धीला त्यातील एकच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजावयाचे, नमुना काढून स्निग्धांश तपासावयाचा, आकडा उत्पादकाच्या पुस्तकात तेव्हाच्या तेव्हा लिहावयाचा आणि त्याप्रमाणे पैसे द्यावयाचे. मोजणारा गावचा, तपासणारा गावचा, आणि त्यांना नेमणारी समिती उत्पादकांनी निवडलेली. कोल्हापूरच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर धार काढल्याने जो विश्वास उत्पन्न होई, तोच येथे काचेच्या नळीने आणि वहीने उत्पन्न केला. दुसरे असे, की त्या रांगेत पाटीदार, बारिया, हरिजन, मुसलमान असे सर्व एकामागे एक उभे राहात, आणि ज्याचा नंबर आधी त्याचे दूध आधी मोजले जाई.

संघापुढे निसर्गाची अडचण मात्र राहिलीच. म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस व हिवाळ्यात वितात. त्यामुळे थंडीत दूध उतू जाते आणि उन्हाळ्यात आटते. मुंबईची भूक तर बारमाही सारखीच. थंडीतील जादा दूध मुंबई योजना पुरते घेईना. ते सांडून देण्याची पाळी येई. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद्र दलाया या आणंदच्या तंत्रज्ञांनी ती करून दाखविली, आणि युनिसेफ व न्यूझीलंड यांच्या साहाय्याने उभारलेल्या कारखान्याचे उद्‌घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी केले. थंडीचे दूध उन्हाळ्यासाठी साठविण्याची युक्ती अशी हाती आली.

महाराष्ट्रातील विस्तार

महाराष्ट्रात या धंद्याची वाढ थोड्या वेगळ्या रीतीने झाली. १९५८ साली स्वतंत्र दुग्धविकास खाते निर्माण झाले. शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत शीतकेंद्रे व दूध योजना काढल्या आणि स्वतःच दूध विकत घेण्यास आरंभ केला. उत्पादकाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, हा मोठाच लाभ. परंतु गुजरातेत संस्था आधी आणि डेअरी मागून, असा जो क्रम होता, तो येथे कित्येक ठिकाणी उलटा झाला. शासन घेते, शासन भाव ठरविते, आपण फक्त घालावयाचे, ही सवय जडली.

अर्थात सहकाराचे तेजस्वी अपवादही महाराष्ट्रात झाले. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, जो 'गोकुळ' या नावाने सर्वश्रुत आहे, १९६३ साली स्थापन झाला. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली १९६८ साली वारणा दूध संघ निघाला. राज्याचा दूध महासंघ १९६७ साली स्थापन झाला, आणि त्याचे 'महानंद' दूध मुंबईकरांच्या परिचयाचे झाले. त्याच १९६७ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी 'बाएफ' ही संस्था काढून गावरान गाईंपासून जर्सी व होल्स्टीन जातींच्या संकरित कालवडी निर्माण करण्याचे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत आज जो गाईच्या दुधाचा ओघ दिसतो, त्याच्या मुळाशी हे कार्य आहे.

१९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी खेडा जिल्ह्यातील एका गावी मुक्काम करून हा प्रयोग पाहिला; १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले; आणि १९७० साली 'ऑपरेशन फ्लड' म्हणजे दुधाचा महापूर ही योजना सुरू होऊन १९९६ पर्यंत तीन टप्प्यांत चालली. युरोपातून देणगी आलेली भुकटी आणि लोणीतेल मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांत विकून आलेला पैसा खेड्यांतील संस्था उभारण्यासाठी वापरला गेला. १९५०-५१ साली देशात सुमारे १ कोटी ७० लक्ष टन दूध होत असे. १९९८ साली भारत जगात पहिला ठरला. आणि २०२३-२४ साली हा आकडा २३ कोटी टनांच्या पुढे गेला. एका आयुष्यात घडलेली ही वाढ पाहून कोणाही भारतीयास अभिमान वाटावा.

मग आपल्या घरची दावण का उठली?

वाढीबरोबर आलेल्या अडचणी

पहिली अडचण भावाची. १९९१ नंतर परवानापद्धती शिथिल झाली. १९९२ च्या दूध व दुग्धपदार्थ आदेशाने काही नियमन राहिले, तरी खाजगी डेअऱ्यांना वाव मिळाला. नवे गिऱ्हाईक आले ही गोष्ट वाईट नव्हे. स्पर्धेमुळे कित्येक वर्षी चांगला भावही मिळाला. परंतु शासकीय दूध योजना एकामागून एक मंदावल्या, अनेक सहकारी संघ राजकारणाने व गैरव्यवस्थेने पोखरले गेले, आणि भाव पडतो त्या दिवशी उत्पादकाच्या पाठीशी उभे राहणारे कोणी उरले नाही. उसाला किमान दराचे कायदेशीर संरक्षण आहे, दुधाला तसे नाही. भुकटीचा भाव जगाच्या बाजारात पडला, की त्याचा धक्का थेट आपल्या गोठ्यात बसतो. जुलै २०१८ मध्ये दुधाच्या दरासाठी राज्यभर आंदोलन झाले आणि दूध रस्त्यावर ओतले गेले. लहानपणी सांडलेला दुधाचा थेंब बोटाने पुसून कपाळी लावणारे आम्ही लोक. ते दृश्य आम्हांस पाहवले नाही. तरीपण ओतणाऱ्यास दोष देण्याचे धाडसही झाले नाही. २०२० साली टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडली, तेव्हा शासनाला रोज दहा लक्ष लिटर दूध घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आखावी लागली. २०२४ च्या प्रारंभी गाईच्या दुधास लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. आणि ज्या महासंघाने सहकाराची धुरा वाहावयाची, त्याचाच कारभार त्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपविण्यात आला.

दुसरी अडचण वैरणीची. गावरान ज्वारीचा उंच कडबा हा आपल्या जनावरांचा पूर्वापार आधार. बुटक्या संकरित ज्वारीने, आणि पुढे सोयाबीन व उसाने तो हिरावला. ऊसपट्ट्यात वाडे फुकट मिळते म्हणून तेवढ्यावरच जनावर पोसणारे पुष्कळ आहेत. परंतु वाड्यातील ऑक्झलेट हे द्रव्य जनावराच्या शरीरातील चुना बांधून टाकते, आणि दुभती म्हैस आतून पोकळ होत जाते. सरकीच्या पेंडीचा भाव आणि दुधाचा भाव यांची शर्यत आपण सर्वजण पाहतोच. गायराने उरली नाहीत. ज्यांच्याजवळ शेती नाही अशी आपल्या ज्ञातीत कित्येक घरे. त्यांच्यावर हा घाव सर्वांत खोल बसला.

तिसरी अडचण रोगराईची. अधिक दूध देणारे संकरित जनावर अधिक नाजूक असते. लाळ्या-खुरकूत व कासदाह हे जुने शत्रू होतेच. २०२२ साली लंपी हा चर्मरोग महाराष्ट्रभर पसरला. अंगावर गाठी, ताप, आणि दूध एकाएकी बंद. माश्या-डासांच्या द्वारे तो पसरत असल्याने जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. म्हशींना त्याची बाधा क्वचित झाली. गाईंच्या गोठ्यांत मात्र हाहाकार उडाला. लस टोचली गेली तेव्हा तो आवरला. ज्यांनी वेळेवर टोचून घेतले आणि ज्यांनी 'बघू' म्हटले, त्यांच्या गोठ्यांतील फरक गावोगाव लोकांनी पाहिला.

चौथी आणि आमच्या मते मुख्य अडचण मापाची. आज संकलन केंद्रावर काचेची नळी गेली आणि विजेचे यंत्र आले. ते अर्ध्या-एक मिनिटात स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ यांचे आकडे दाखविते. गाईच्या दुधाला स्निग्धांश ३.५ आणि इतर घनपदार्थ ८.५ हे प्रमाण धरून भाव सांगितला जातो. त्याखाली एकेक अंश उतरला की भाव कापला जातो. म्हणजे जाहीर झालेला भाव आणि हाती पडणारा भाव यांच्यामध्ये एक यंत्र उभे आहे. ते यंत्र रोज धुतले पाहिजे, वेळोवेळी प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहिले पाहिजे. तसे न केल्यास खोटा आकडा देण्यास त्याला काहीच दिक्कत नसते.

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. केंद्राचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. एके सकाळी आमच्या सूनबाईंनी एकाच कासंडीतील म्हशीचे दूध दोन भांड्यांत घेऊन दोन ठिकाणी पाठविले. एका ठिकाणी स्निग्धांश ६.८ लागला, दुसऱ्या ठिकाणी ६.१. आम्ही कागद घेऊन हिशेबास बसलो. दशांशाच्या एका घरास साठ पैसे धरले तरी सात घरांचे लिटरमागे ४ रुपये २० पैसे होतात. ८ लिटरच्या एका धारेस ३३ रुपये ६० पैसे, दोन वेळचे ६७ रुपये २० पैसे, आणि तीस दिवसांचे २,०१६ रुपये. सूनबाई केंद्रावर जाऊन अतिशय शांतपणे म्हणाल्या, "दादा, यंत्र धुवा आणि माझ्यासमोर पुन्हा लावा." त्याने धुतले, पुन्हा लावले, आणि आकडा ६.६ आला. ना भांडण, ना आरोप. परंतु त्या दिवसापासून त्या केंद्रावर यंत्र रोज धुतले जाऊ लागले. ज्या घरी वही नाही, हिशेब नाही आणि विचारण्याचे धैर्य नाही, त्या घरातून असे महिन्याला किती जात असेल, याचा विचार करावा. जो गणिताचा प्रश्न पूर्वी गवळ्याविरुद्ध मांडला जाई, तो आज गवळ्याच्या बाजूने मांडण्याची वेळ आली आहे. गंमत अशी, की उदाहरण तेच. केवळ पाणी घालणारा हात दिसेनासा झाला आहे.

आपण काय करावे?

प्रथम एक कटु सत्य स्वीकारू. दूध हा आता आपल्या एका ज्ञातीचा धंदा राहिलेला नाही. मराठा, धनगर, माळी, वंजारी, मातंग, मुसलमान अशा सर्व घरांतून आज किटली निघते, आणि आपल्या घरांतून निघणाऱ्या किटल्या कमी होत आहेत. याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. समरखा गावी जे जिंकले ते जातीने नव्हे, गावाने जिंकले. ज्ञातीच्या व्यासपीठावर उभे राहून आम्ही हे म्हणतो आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. ज्ञातीच्या संघाने मुलांचे शिक्षण पाहावे, अडल्यानडल्यास हात द्यावा. परंतु दुधाचा भाव मागावयाचा असेल तर गावच्या दूधसंस्थेतच जावे लागेल, सर्वांबरोबर एका रांगेत उभे राहावे लागेल. "आम्ही पिढीजात गवळी, आम्हांस संस्थेची काय गरज?" या अभिमानाने आपली कित्येक घरे संस्थेबाहेर राहिली आणि पेंडवाल्याच्या व व्यापाऱ्याच्या उचलीत अडकली.

दुसरे, घरोघर दुधाची वही ठेवावी. तारीख, वेळ, लिटर, स्निग्धांश, भाव, आणि समोरच्या पानावर पेंड, वैरण व औषध यांचा खर्च. ही वही घरातील सातवी-आठवीतल्या मुलाने किंवा मुलीने लिहावी. त्यातून तिचे गणित सुधारेल, आणि कोणती म्हैस पोसते व कोणती खाते हेही कळेल. गोठ्यातील निम्म्याहून अधिक कष्ट स्त्रियांचे असतात. संस्थेच्या सभासदपटावर नाव मात्र पुरुषाचे असते. ज्या हातांनी धार निघते, त्या हातांच्या नावाने पासबुक निघावे, ही साधी न्यायाची गोष्ट आहे.

तिसरे, धंद्याचे शास्त्र आपल्या मुलांनी शिकावे. उदगीर येथे व पुसदजवळ वरुड येथे दुग्धतंत्रज्ञानाची महाविद्यालये आहेत. ज्याचा आजा हाताच्या स्पर्शाने कास ओळखी, त्या नातवाने तपासणीचे यंत्र उघडून दुरुस्त केले, तर मापाची किल्ली पुन्हा आपल्या हाती येईल. मुरघास करण्याची रीत, लसीकरणाच्या तारखा, वगार जपून वाढविणे, या गोष्टींवर प्रत्येक वार्षिक मेळाव्यात एक तास राखून ठेवावा, अशी आमची संघाच्या कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. सत्काराच्या हारांतून एवढा वेळ काढणे कठीण जाऊ नये.

आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे. आपण स्वतः पाणी घालू नये. पाण्याहून भयंकर अशा भुकट्या आणि रसायने यांच्या वाऱ्यासही उभे राहू नये. दुसऱ्याचे यंत्र तपासावयास जाणाऱ्याची स्वतःची चरवी आधी स्वच्छ असली पाहिजे.

२०१९ साली गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडली गेली, तेव्हा आरे हे नाव देशभर गाजले. त्या झाडांसाठी तरुण मुले रात्रभर जागली, हे योग्यच झाले. परंतु ती वसाहत मुळात म्हशींसाठी वसविली होती, याचे स्मरण थोड्यांनाच झाले. कोणत्याही धंद्याचा इतिहास असाच पुसला जातो : आधी दावण उठते, मग गोठ्याची जागा राहते, आणि पुढे केवळ नाव उरते. आपल्या गावी तसे होऊ द्यावयाचे की नाही, हे दिल्ली-मुंबईच्या हाती जितके आहे, तितकेच आपल्या घरच्या वहीत आहे.

आमचा तो पाटी पालथी घालणारा विद्यार्थी आज एका गावच्या दूधसंस्थेचा सचिव आहे. संस्थेच्या भिंतीवर त्याने रोजचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहिण्याची प्रथा पाडली आहे. गतवर्षी आम्ही तेथे गेलो असता त्याने आम्हांस तो फळा दाखविला आणि म्हणाला, "गुरुजी, आता पाटी भिंतीला लावली आहे." प्रत्येक गावी अशी एक पाटी लागो, एवढीच गोपाळकृष्णाचरणी प्रार्थना करून ज्ञातिबांधवांची रजा घेतो.

इत्यलम्.